न घासलेली बाजू

नांदेडला एप्रिल लागला की आमच्या प्रयोगशाळेत आधी वास येतो आणि मग मुलं येतात. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, मखमलीवर घासल्या जाणाऱ्या पितळेचा वास, स्पिरिटचा वास, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी फेरिक क्लोराइडचा तो गंजक्या खिळ्यासारखा आंबूस वास. प्रात्यक्षिक परीक्षांचे हे दिवस. बाहेर कडुलिंबाचा मोहोर वाळून पायऱ्यांवर पडलेला असतो आणि आत मुलं बोटाच्या पेराएवढे पितळेचे, काशाचे, तांब्याचे तुकडे घेऊन उभी असतात. तीसेक वर्षं मी हा वास घेतो आहे. यंदा मात्र पहिल्याच दिवशी तो आला तेव्हा मी दारात थांबलो. मागच्या वर्षीचा एप्रिल त्या वासात बसून होता.

आमच्या कामाची रीत आधी सांगितली पाहिजे. धातूचा तुकडा खरखरीत कागदावर घासायचा, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर कागदाला दिशा बदलायची, म्हणजे आधीचा ओरखडा गेला की राहिला ते कळतं. शेवटी फिरत्या चाकावरच्या मखमलीवर धरायचा. तासाभराने त्याचा आरसा होतो. मुलं खूश होतात, त्यात केस नीट करतात. मी म्हणतो, आता सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बघतात, तर काहीच नाही. नुसता पिवळट उजेड. आरशात आपला चेहरा दिसतो, पितळ दिसत नाही.

मग कापसाचा बोळा चिमट्यात धरून आम्लात बुडवायचा आणि त्या आरशावरून फिरवायचा. पाच सेकंद, फार तर दहा. चकाकी मरते. तासभर घाम गाळून मिळवलेली चकाकी अशी मारताना मुलांचा जीव वरखाली होतो. पाण्याने धुवायचं, स्पिरिट सोडायचं, गरम हवेने वाळवायचं, आणि पुन्हा भिंगाखाली ठेवायचं.

तिथे जे दिसतं त्याचं वर्णन मला अजून जमलेलं नाही. टेकडीवरून खालची शेतं दिसावीत तसे कणाला लागून कण. प्रत्येकाचं कुंपण वेगळं, प्रत्येकाची छटा वेगळी. एक उजळ, शेजारचा गडद, त्याच्या पलीकडचा तपकिरी. काही कणांतून पट्टी ठेवून ओढल्यासारखे सरळ पट्टे गेलेले. ओतीव पितळ असेल तर नेच्याची पानंच्या पानं उमटतात. आम्ल यातलं काहीही तयार करत नाही. कणांच्या सीमांवर अणूंची मांडणी विस्कटलेली असते, तिथे ते आधी खातं, एवढंच. आणि जिथे धातूने मार खाल्लेला असतो, तिथे आणखी लवकर खातं. हे वाक्य मी दरवर्षी त्याच शब्दांत फळ्यापाशी उभा राहून सांगतो.

परवा भोकरची एक मुलगी भिंगावरून डोळा न काढता म्हणाली, "सर, हे माझ्याच तुकड्यात होतं? आत्ता माझ्या हातात होता तो?"

"तुझ्याच."

"मग मला का दिसलं नाही?"

मी तिला गुण दिले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. हाच प्रश्न याच खोलीत मला फार पूर्वी अक्काने विचारला होता.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव देगलूर. ती लग्न होऊन लातूरला गेली. दाजींचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, गोलाईच्या बाजाराजवळ भांड्यांचं दुकान आणि दुकानामागे घर. मी शिकायला बाहेर पडलो तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत आधी तिच्याकडे उतरायचो, मग गावी. तिच्या स्वयंपाकघरात भांडी म्हणजे पितळ. आठवड्यातून एकदा ती चिंच आणि राख घेऊन मागच्या अंगणात बसायची आणि एकेक भांडं असं घासायची की उन्हात ठेवल्यावर त्याच्याकडे बघवू नये. तांदूळ मोजायला एक लहानशी जाड वाटी होती. तिच्या एका बाजूला दोन बोटं रुंद जागा कानशीने सपाट केलेली होती. का, ते मी कधी विचारलं नाही. मी कॉलेजात असताना त्या सपाट जागेत बघून भांग पाडायचो आणि अक्का ओरडायची, "तांदळात केस पाडू नको रे बाबू!"

मी इथे नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी ती आणि दाजी एका लग्नाला नांदेडला आले. परीक्षा चालू होत्या. दाजी बाजारात गेले आणि अक्का प्रयोगशाळेत माझी वाट बघत स्टुलावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाईट वाटलं म्हणून तिला सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

"एक डोळा मीट," मी म्हणालो.

"दोन्ही मिटले की जास्त दिसंल का?" ती हसली, वाकली, आणि तिचं हसू तसंच राहून गेलं. मग हळू म्हणाली, "हे कुणी काढलं?"

"कुणी नाही. पितळ आतून असंच असतं."

"माझ्या तांब्याचं पण?"

"सगळ्याच पितळेचं."

"अगं बाई. रोज हातात घेते मी त्याला. मला का नाही दिसलं?" आणि भिंगावरचा डोळा न काढताच तिने विचारलं, "बाबू, कुणी भांड्यावर नाव टाकलं आणि मग कुणी ते घासून काढलं, तर ते दिसतं का ह्यात?"

मी गुणांचा तक्ता शोधत होतो. म्हणालो, "छिन्नीचा मार पत्र्यात खाली उतरतो. किती खोल घासलंय त्यावर आहे. पुन्हा पुन्हा घासत राहिलं तर मात्र जातं सगळं."

"बरं," ती म्हणाली, आणि स्टुलावर जाऊन बसली. दाजी आले, ती दोघं गेली. मी ते बोलणं विसरलो. विसरलो म्हणजे इतका विसरलो की पुढे कित्येक वर्षं त्याच वाटीची एक बाजू काळी पडत चाललेली मी बघितली आणि मला काहीही आठवलं नाही. उलट मी चिडवायचो, "अक्का, हात दुखायला लागले का? एक बाजू राहिली बघ."

"राहू दे," ती म्हणायची.

माझ्या मुलीच्या बारशाला अक्का आत्या म्हणून मानाने आली होती. नाव आम्ही ठरवून ठेवलं होतं, मृण्मयी. रिवाजाप्रमाणे आत्याने पाळण्यावर वाकून ते बाळाच्या कानात सांगायचं आणि मग सगळ्यांना. अक्का वाकली ती उठेचना. बायका हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "नाव सांगायलीस का सगळं पुराण?" दाजी मागून म्हणाले, "भांडेवाल्याची बायको हाय, घासल्याबिगर सोडायची न्हाई." अक्का उठली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. तिने मृण्मयी हे नाव मोठ्याने, नीट जाहीर केलं. तिला ते उच्चारता येत नाही असं मात्र नंतर आयुष्यभर सांगत राहिली. तिने मुलीला स्वतःचं एक नाव पाडलं. सुगला. आमच्याकडच्या जुन्या लिंगायत घरांतून एकेकाळी हे नाव असायचं. आता ते फक्त म्हाताऱ्यांचं राहिलं आहे. मुलगी मोठी झाली तशी कुरकुरायची. "आत्या, सुगला म्हणू नको ना. मैत्रिणी हसतात."

"हसू दे. दात चांगले असतील त्यांचे."

हळूहळू दाजींनाही तीच सवय लागली. मुलगी लातूरहून निघाली की दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते ओरडायचे, "सुगले, पोचलीस की फोन कर गं!"

अक्का मागच्या वर्षी संक्रांतीच्या आसपास गेली. दोन दिवसांचा ताप, बस. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली, तळहातावर इष्टलिंग, कपाळाला विभूती. मी शेवटचं बघितलं तेव्हा तिची बोटं चिंचेने काळसर झालेलीच होती. धुऊनही ती तशीच राहिली होती. मी नांदेडला परतलो, शिकवायला लागलो. शोक म्हणजे काय असतं ते मला पुस्तकांतून ठाऊक होतं. प्रत्यक्षात त्याचं म्हणावं असं काही होईना. मी आरशासारखा झालो होतो; लोक यायचे, माझ्यात त्यांचं त्यांचं दुःख बघायचे आणि जायचे.

मार्चअखेर लातूरला गेलो तेव्हा दाजी एकटेच होते. मुलगा दुकान बघतो, सून नोकरी करते. दुपारी घर रिकामं. त्यांनी स्वतः चहा केला. फार गोड, पत्ती कच्ची. मग आत जाऊन ती वाटी घेऊन आले आणि माझ्या पुढ्यात ठेवली, काळी बाजू माझ्याकडे करून.

"मास्तर, एक काम हाय तुझ्याकडं." ते मला पहिल्यापासून मास्तर म्हणतात. "आमची पहिली पोरगी नवव्या दिवशी गेली, म्हाईत हाय ना तुला?"

मला तेवढंच माहीत होतं. मी तेव्हा शाळेत होतो. बाळंतपण लातूरलाच झालं होतं, आणि देगलूरच्या घरी बारशाचं गाठोडं बांधून तयार होतं. तार आली आणि आईने ते न सोडताच कपाटावर ठेवलं.

"बारसंच झालं न्हाई," दाजी म्हणाले. "मग नाव कुठलं? मी तसंच धरून चाललो, की तिला नावच न्हाई. अन् आपला महेबूबचाचा, दुकानात नावं टाकायचा बघ, तो काम सोडून भावाकडं निघाला त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणला, 'सेठ, एक बात दिल पे है. बहूने बच्ची पाँच दिन की थी, तब्बीच वाटी पे नाम डलवाई थी.'"

"बारशाच्या आधी?"

"मी पण तेच म्हणलं. तर म्हणला, 'मैं बी बोला, बेटी, बारसा तो होने दे. सुनी नहीं.' मागच्या दारानं वाटी पाठवली होती म्हणं तिनं." दाजींनी कपातला चहा न पिता गोल फिरवला. "मग पोरगी गेली. अम्माला, म्हंजे माझ्या आईला, वाटीचं कळलं. अम्मा म्हणली, आधी नाव टाकलंस म्हणून लेकरू गेलं. पुसून टाका अन् वाटी दुकानाच्या मालात टाका. चाचानं कानस मारली. मालात मात्र टाकली न्हाई. तुझ्या अक्काच्या हातात नेऊन दिली."

म्हणजे त्या नऊ दिवसांचं खापर अक्काच्या डोक्यावर फुटलं होतं आणि ती तेच भांडं रोज तांदळात बुडवत होती. मी विचारलं, "आणि नाव काय होतं? चाचाने सांगितलं?"

"विचारलं ना मी. म्हणला, 'वो बहू की अमानत है. उसीकू पूछो.'"

"मग विचारलंत?"

दाजींनी वाटी स्वतःकडे फिरवली. "कसं विचारू? ती सकाळी तांदूळ मोजायली असायची. मी दारात यायचा, आज विचारावं म्हणून. विचारायचं म्हंजे तिला परत त्या दिवसात नेऊन बसवायचं. उद्या विचारू, म्हणायचा. असं करत करत..." त्यांनी हात नुसताच हवेत सोडला. "अम्माला वाचता येत नव्हतं. चाचा गेला. आता ही गेली. नाव म्हाईत असलेलं माणूसच उरलं न्हाई. तुम्ही लोकं ते ॲसिड लावून बघता ना? बघ की."

"नाही निघालं तर?"

"न निघू दे. पण तुझी अक्का वर भेटली की आधी पोरगीच पुढं करंल. मी काय म्हणून हाक मारू तिला? ए पोरी? तुझी अक्का म्हणंल, वा रे बाप." ते हसायला गेले आणि ते काही त्यांना जमलं नाही.

परीक्षेची शेवटची तुकडी गेली त्या दुपारी मी वाटी टेबलावर ठेवली. बाहेर रणरण होती. कूलर बंद केला, कारण त्याच्या आवाजाने मला विचार करता येईना. काळा थर स्पिरिटने आणि मऊ कापडाने उतरवला. खाली कानशीचे ओरखडे निघाले, आडवे, दाट, घाईघाईने मारलेले. भरदार हाताच्या माणसाने मन नसताना केलेलं काम असावं तसे.

पेच इथेच होता. ओरखडे ठेवले तर त्यांच्या गर्दीत अक्षर वाचता येणार नाही. घासून काढले तर त्यांच्याबरोबर तो दबलेला थरही जाईल, आणि त्या थराखेरीज जगात ते नाव कुठेही नव्हतं. आरसा करायला निघालो असतो तर मीच ते दुसऱ्यांदा पुसलं असतं. आधीचा ओरखडा दिसेनासा होईपर्यंत थांबू नका, हे मी शेकडो मुलांना सांगितलं आहे. त्या दिवशी सगळ्यांत बारीक कागद घेतला, बोटाने मोजून काही वेळा फिरवला, आणि ओरखडे दिसत असतानाच थांबलो.

मग बोळा. पाच सेकंदांनी काही नाही. पाण्याने धुतलं, पुन्हा बोळा. अर्धं मिनिट, एक मिनिट. पितळ तपकिरी पडत गेलं. कानशीच्या रेघा तेवढ्या उठून आल्या. मी धुवत होतो, पुसत होतो, पुन्हा लावत होतो. वाटलं, संपलं. चाचाने चांगलं काम केलं होतं, आणि वर अक्काने वर्षानुवर्षं चिंचेने...

आणि मला ते स्टूल दिसलं. ते अजून तिथेच आहे, खिडकीपाशी. पुन्हा पुन्हा घासत राहिलं तर मात्र जातं सगळं. हे मी म्हणालो होतो. तिने "बरं" म्हटलं होतं आणि घरी जाऊन त्या बाजूला हात लावणं बंद केलं होतं. घरातलं प्रत्येक भांडं उन्हासारखं ठेवणाऱ्या बाईने एवढी एक बाजू काळी होऊ दिली होती. तिला स्वतःसाठी ते वाचायची गरज नव्हती. तिला नाव ठाऊकच होतं. मग कुणासाठी राखलं? मला ते अजून पुरतं कळलेलं नाही. तिने कधी मला वाटी दिली नाही, कधी बघ म्हणाली नाही. फक्त जागा राखली.

मी बोळा पुन्हा बुडवला.

ओल्या पितळेवर उजवीकडे एक टिंब गडद झालं. मग त्याच्याखाली दुसरं. टिंबांची एक उभी ओळ, म्हणजे काना. काही वेळाने त्याच्या डावीकडे वळणं भरली. ला. मी वाकून बघत होतो, श्वास त्यावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून. कमला, विमला, निर्मला. मनात नावं येत होती. कुणी लिहीत नव्हतं. छिन्नीचा एकेक ठोका, पाच दिवसांच्या लेकराच्या नावाचा, खालून वर येत होता. इतकी वर्षं सूक्ष्मदर्शकातून बघून मी समजत होतो की या गोष्टीचं नवल मला पुरेपूर वाटून झालं आहे.

मधलं अक्षर ग होतं.

पहिलं अक्षर उमटायची मला गरज उरली नाही. तरी मी थांबलो. स आला, त्याच्याखाली उकार आला. ओलं होतं तेवढ्यात फोनने फोटो काढला, कारण अशी अक्षरं वाळली की पुष्कळदा मावळतात. मग स्टुलावर जाऊन बसलो, पिशवी नव्हती म्हणून हात मांडीवर ठेवून. तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा रडलो ते तिथे.

बारशाला ती पाळण्यावर एवढा वेळ वाकून काय सांगत होती, ते आता कुणाला विचारायचं राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने लातूर. दाजी दुकानाच्या पायरीवरच बसले होते. मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, वाटी उन्हाकडे तिरपी धरली, दुसरीकडे धरली. टिंबं फिकी झाली होती, पण होती. मी फोटो पुढे केला. तो त्यांनी बघितलाच नाही. बोटाने टिंबं चाचपत ते ओठांतल्या ओठांत वाचत होते, पहिलीतलं मूल वाचतं तसं.

समोरून एक हातगाडी गेली. एक बाई डबे विचारायला आली, मुलाने तिला आत नेलं.

"म्हंजे," दाजी म्हणाले, "मी हाक मारायलो होतो की रे तिला."

मी मान हलवली.

"इतकी वर्षं. इथनंच. ह्या पायरीवरून." मग चष्मा काढत म्हणाले, "तिनंच लावली मला सवय. मी म्हणलं पण होतं एकदा, हे काय म्हातारीचं नाव पोरीला. तर म्हणली, तुम्ही म्हणून तर बघा."

त्यांनी वाटी धोतराच्या सोग्याने पुसली, ती बाजू सोडून. मग म्हणाले, "फोन लाव तिला."

मी लावून दिला. माझी मुलगी पुण्यात असते; आत्याच्या यजमानांना ती मामा म्हणते. तिकडून कॉम्प्युटरच्या बटणांचा आवाज येत होता. "मामा? मीटिंगला चालले आहे. काय झालं? सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक हाय. काही न्हाई झालं. सुगले, जेवलीस का?"

"मामा! किती वेळा सांगितलं, सुगला म्हणू नका."

एरवी यावर ते मोठ्याने हसायचे. त्या दिवशी त्यांनी अंगठा वाटीच्या त्या बाजूवर ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "हाव. पण म्हणू दे की गं."